आठवा हेन्री, कार्डिनल वुल्झी आणि घरचा कारभार

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठवा हेन्री शिकारीत आणि मेजवान्यांत दंग, आणि इंग्लंडचा कारभार सगळा कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) वुल्झीच्या हाती, हे नेहमीचे चित्र कितपत खरे? आणि 1515 ते 1529 अशी चौदा वर्षे मिळूनही या माणसाच्या देशांतर्गत सुधारणांतून इतके थोडे का उरले?

हा कालखंड मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवतो. विद्यार्थी वुल्झीकडे येतात ते बहुतेक करून हेन्रीच्या घटस्फोटाच्या वाटेने. त्यामुळे त्याच्या पतनाबद्दल सगळ्यांना भरभरून लिहिता येते, पण रोजचा कारभार तो कसा हाकत होता हे विचारले की लेखण्या थांबतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. वुल्झी कोणालाही वेस्टमिन्स्टरला, म्हणजे सरकार आणि वरिष्ठ न्यायालये बसत तिथे, हजर करू शकत होता, पण वेस्टमिन्स्टरचा हुकूम गावोगाव राबवून घेणे त्याला जमले नाही. फिर्यादी आपण होऊन दारात येत होता तिथे त्याचा कारभार चालला. काम जिल्ह्याजिल्ह्यातल्या जमीनदारांकडून करून घ्यायचे होते तिथे गाडे अडले.

यामागे साधे व्यावहारिक कारण आहे. त्या काळच्या इंग्लंडला खडे सैन्य नव्हते, पोलीस नव्हते आणि जिल्ह्यांत पगारी सरकारी अंमलदारांची फळी नव्हती. कायदा राबवायचे जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे त्याच भागातले जमीनदार, आणि तेही बिनपगारी. शेरिफ, म्हणजे जिल्ह्यातला राजाचा अधिकारी, वर्षभरापुरता नेमलेला असे. राजाचे फर्मान निघाले तरी ते अंमलात येणार की दप्तरात पडून राहणार, हे या मंडळींच्या मर्जीवर ठरे. मुख्य मंत्री कितीही हुशार असला तरी त्याला याच माणसांकडून काम करून घ्यायचे होते, आणि पुष्कळदा काम त्यांच्याच विरुद्धचे असायचे.

वुल्झी इप्सविचचा. बाप खाटीक होता असे त्याचे शत्रू आयुष्यभर हिणवत राहिले. ऑक्सफर्डला शिकला, धर्मगुरू झाला, सातव्या हेन्रीच्या पदरी लागला. 1509 मध्ये अठराही पुरी न झालेला आठवा हेन्री गादीवर आला, तेव्हा जुने मंत्री त्याला सांगत की रोज परिषदेत बसा, कागद वाचा. वुल्झीने ओळखले की या राजाला निर्णय हवेत, कागद नकोत. 1513 च्या फ्रान्सच्या मोहिमेत सैन्याला धान्य, बिअर, घोडे, जहाजे पुरवण्याचे किचकट काम त्याने बिनबोभाट पार पाडले आणि मग त्याची चढती कमान सुरू झाली. 1514 मध्ये यॉर्कचा आर्चबिशप, 1515 मध्ये कार्डिनल आणि त्याच वर्षाच्या नाताळच्या सुमारास लॉर्ड चॅन्सेलर. 1518 मध्ये पोपचा खास प्रतिनिधी म्हणूनही त्याची नेमणूक झाली आणि पुढे ती तहहयात करण्यात आली. न्यायाची सर्वोच्च खुर्ची आणि देशातल्या चर्चवरचा अधिकार, दोन्ही एकाच माणसाकडे आले.

त्याचा दिवस कसा जायचा हे त्याच्या घरातल्या जॉर्ज कॅव्हेंडिश या कारभाऱ्याने लिहून ठेवले आहे. कोर्टाचे सत्र चालू असले की सकाळी प्रार्थना आटोपून वुल्झी लाल रेशमी वस्त्रांत बाहेर पडे. पुढे चांदीचे दोन मोठे क्रॉस, राजाची मोठी मुद्रा आणि त्याची कार्डिनलची टोपी बोडक्या डोक्याने धरून चालणारा कोणीतरी बडा माणूस. स्वतः कार्डिनल खेचरावर, कारण धर्मगुरूला नम्रता शोभते. पण त्या खेचरावर मखमलीची झूल आणि रिकिबी सोन्याचा मुलामा दिलेल्या. हातात एक संत्रे. त्यातला गर काढून आत व्हिनेगर आणि औषधी द्रव्यांत भिजवलेला स्पंज भरलेला असे. गर्दीतून जाताना किंवा अर्जदारांनी गराडा घातला की तो ते नाकाशी धरी, रोगट हवेपासून बचाव म्हणून. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अकरापर्यंत चॅन्सरी कोर्टात दावे ऐकायचे आणि तिथून बहुधा स्टार चेंबरमध्ये जायचे. तिथे त्याने लहानमोठा असा भेद केला नाही, हे कॅव्हेंडिश आवर्जून सांगतो. चाकराची साक्ष आहे, हे धरूनच ती वाचावी. पण या मुद्द्यावर कोर्टाची कागदपत्रे त्याच्या बाजूने बोलतात.

स्टार चेंबर म्हणजे मुळात राजाची परिषदच, न्यायनिवाड्याला बसलेली. छतावरच्या ताऱ्यांच्या नक्षीमुळे दालनाला ते नाव पडले. इथे ज्युरी नव्हती. फिर्याद इंग्रजीत लिहून द्यायची, आरोपीला शपथेवर प्रश्न विचारायचे, शिक्षा दंडाची किंवा कैदेची. फाशी देण्याचा अधिकार या कोर्टाला नव्हता. ज्युरी नसण्यातच फिर्यादीचा फायदा होता. गावातली ज्युरी स्थानिक बड्या धेंडाच्या धाकात असे, नाहीतर त्याच्या पैशात. सातव्या हेन्रीच्या काळात इथे वर्षाला डझनभर खटले येत. वुल्झीच्या काळात हा आकडा सरासरी 120 च्या घरात गेला.

मे 1516 मध्ये त्याने खुद्द राजा आणि परिषदेसमोर भाषण करून जाहीर केले की कायदा मोडणारा कितीही मोठा असो, त्याची गय होणार नाही. त्याच महिन्यात नॉर्थंबरलंडचा अर्ल, म्हणजे उत्तर सीमेवरचा जवळजवळ छोटा राजाच, परिषदेच्या अधिकाराचा अवमान केला म्हणून फ्लीट तुरुंगात गेला. कैद थोड्याच दिवसांची होती, पण बोलबाला व्हायचा तो झाला. पदरी बेकायदा माणसे बाळगल्याबद्दल आणखी काही सरदारांना जाब द्यावा लागला. कॉमन्सचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, माजी सभापती सर रॉबर्ट शेफिल्ड कार्डिनलबद्दल वाकडे बोलले आणि लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात जाऊन पडले. अशा लोकांना आता स्टार चेंबरचा नवा कायदा शिकायला मिळेल, असे वुल्झीने राजाला लिहिले होते. या वाक्यात न्यायाची कळकळ आहे तशी सूडाची गोडीही आहे, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात हे मान्य केल्याशिवाय वुल्झी कळत नाही.

चॅन्सरीतही तेच. ते समन्यायाचे कोर्ट, म्हणजे कॉमन लॉच्या (रूढी आणि जुन्या निवाड्यांवर चालणाऱ्या नेहमीच्या कायद्याच्या) ठरावीक चौकटीत ज्याला दाद मिळत नाही त्याच्यासाठी. वुल्झीचे शिक्षण धर्मशास्त्राचे, कायद्याचे नव्हे, आणि कॉमन लॉचे वकील हे कधी विसरले नाहीत. पण फिर्यादी येतच राहिले. गरिबांचे अर्ज ऐकायला परिषदेची एक शाखा 1519 च्या सुमारास वेस्टमिन्स्टरच्या व्हाइट हॉलमध्ये कायमची बसवण्यात आली. हेच पुढचे कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स.

या यशातच अडचण दडलेली होती. न्याय मिळतो म्हटल्यावर खरे पीडित आले, तसे जमिनीचे जुने वादही 'दंगा' आणि 'मारहाण' असा मुलामा चढवून आले. शेजाऱ्याने बांध कोरला की स्टार चेंबरमध्ये दंगलीची फिर्याद. कामाचा ढीग साठला. मग परिषदेच्या सदस्यांच्या समित्या नेमा, काही खटले लवादाकडे द्या, काही जिथून आले तिथे परत पाठवा, असे सुरू झाले. यंत्रणा एका माणसाच्या खुर्चीभोवती उभी होती, आणि तो माणूस फ्रान्सशी तह करायला समुद्रापलीकडे गेला की तिचा वेग मंदावे.

आता गावाकडे जाऊ. लोकरीला भाव होता, म्हणून जमीनदार शेते मोडून, गायराने बळकावून, कुंपणे घालून मेंढ्या सोडत होते. जिथे दहा कुटुंबे नांगर चालवत तिथे एक मेंढपाळ पुरे. घरे पडली, माणसे रस्त्यावर आली. याविरुद्ध 1489 पासून कायदे होते, पण ते राबवायचे त्याच जमीनदारांनी! 1517 मध्ये वुल्झीने निम्म्याहून बऱ्याच अधिक जिल्ह्यांत चौकशी आयुक्त धाडले: कोणी किती घरे पाडली, किती नांगर थांबले, केव्हापासून, सगळे शपथेवर लिहून आणा. त्यावरून अडीचशेहून अधिक जमीनदारांवर कारवाई सुरू झाली, आणि बऱ्याच जणांना घरे पुन्हा बांधण्याचे आणि जमीन पुन्हा नांगराखाली आणण्याचे कबूल करावे लागले. अशी चौकशी त्याआधी कोणत्याच मंत्र्याने केली नव्हती. नांगर मात्र फारसे परतले नाहीत. हमी लिहून देणारा घरी जाऊन काय करतो हे बघायला तिथे कोणी नव्हतेच. असलाच तर त्याचाच व्याही किंवा शेजारी. आणि 1523 मध्ये संसदेकडून पैसे हवे होते तेव्हा वुल्झीने काही काळ या जमीनदारांना मोकळीक दिली. कॉमन्समध्ये बसलेले हेच तर लोक होते. परीक्षेत याला 'सामाजिक धोरणाचे अपयश' असे छापील उत्तर मिळते. मी म्हणेन, त्याला दोन्हीपैकी एक निवडायचे होते आणि त्याने युद्धाचा पैसा निवडला.

पैशाचा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण वुल्झीची खरी कर्तबगारी आणि खरी फजिती दोन्ही इथेच आहेत. जुना कर 'पंधरावा आणि दहावा' या नावाने चाले. प्रत्येक गावाचा वाटा 1334 मध्ये ठरला तो कायम. गाव उजाड झाले तरी तोच, श्रीमंत झाले तरी तोच. एका खेपेला साधारण 30,000 पौंड मिळत. 1513 पासून त्याच्या जोडीला नवा कर आला, त्याचे नाव सबसिडी (आजच्या अनुदानाशी त्याचा संबंध नाही). इथे प्रत्येक माणसाची ऐपत आयुक्तांनी शपथेवर ठरवायची आणि त्या मानाने दर लावायचा: जमिनीवर, मालमत्तेवर, आणि यातले काही नसेल तर मजुरीवरही. वर्षाला पौंडभर मजुरी मिळवणाऱ्यापर्यंत हा कर पोचला. 1513 पासूनच्या सुमारे दशकभरात सबसिडीतून तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम आली. जुन्या करातून सव्वा लाखाच्या आतच. लोकांच्या खऱ्या संपत्तीचा अंदाज घेऊन कर बसवणे हे त्या काळी युरोपातही विरळा होते. याच वुल्झीने 1522 मध्ये देशभर पाहणी केली, वरकरणी कोणाकडे किती शस्त्रे आहेत हे नोंदवायला. शस्त्रांबरोबर मालमत्ताही लिहून घेतली गेली आणि त्याच याद्यांवरून सक्तीची कर्जे उभी राहिली, सुमारे दोन लाख पौंडांची. ती कधीच फिटली नाहीत. 1529 च्या संसदेने कायदा करून राजाला त्या देण्यातून मोकळे केले.

1523 च्या संसदेत वुल्झीने 8,00,000 पौंड मागितले, पौंडामागे चार शिलिंग, म्हणजे पाचवा हिस्सा, या हिशोबाने. तो लवाजम्यासह स्वतः कॉमन्समध्ये गेला आणि एकेकाला नावाने विचारू लागला, तर सगळे चिडीचूप. सभापती थॉमस मोर गुडघे टेकून म्हणाले की सभागृहाची अशी रीतच नाही. ही हकीकत मोर यांच्या जावयाने सांगितलेली, तेव्हा सासऱ्याला झुकते माप असणारच. शेवटी मागणीपेक्षा बरेच कमी, आणि तेही हप्त्याहप्त्याने, मंजूर झाले.

मग 24 फेब्रुवारी 1525 ला पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा कैद झाला. हेन्रीला वाटले, फ्रान्स जिंकायची वेळ हीच. तिजोरीत खडखडाट. संसद बोलावायला वेळ नव्हता आणि ती देईल याची खात्रीही नव्हती. मग 'अमिकेबल ग्रँट', म्हणजे स्नेहभावाने द्यायची देणगी निघाली: गृहस्थांनी मालमत्तेचा सहावा हिस्सा, धर्मगुरूंनी तिसरा. आधीचे कर्ज बुडालेले, आधीच्या सबसिडीचे हप्ते चालूच. लंडनच्या लोकांनी कार्डिनलला तोंडावर सांगितले की तिसऱ्या रिचर्डच्या कायद्याने अशा देणग्यांना बंदी आहे. वुल्झी चिडला, तुम्ही त्या पुतण्याच्या मारेकऱ्याचे दाखले देता? उत्तर आले की राजा वाईट असेल, पण त्याच्या वेळी चांगले कायदे झाले.

सफोकमध्ये तर हातघाईची वेळ आली. लॅव्हनम आणि आसपासच्या कापडाच्या गावांत व्यापाऱ्यांनी विणकरांना सांगितले, पैसे राजाला गेले, आता तुम्हाला काम द्यायला उरले नाहीत. हजारोंनी माणसे जमली. नॉरफोक आणि सफोकचे ड्यूक सैन्य घेऊन आले, पण त्यांच्याच माणसांना शेजाऱ्यांवर शस्त्र उगारायचे नव्हते. नॉरफोकने विचारले, तुमचा म्होरक्या कोण? जॉन ग्रीन नावाचा वयस्क माणूस पुढे झाला. म्हणाला, आमच्या म्होरक्याचे नाव गरिबी. ती आणि तिची बहीण गरज, या दोघींनी आम्हाला इथवर आणले. एडवर्ड हॉल या समकालीन बखरकाराने हे नोंदवले आहे. हॉलला वुल्झीचा राग होता, तेव्हा मीठमसाला थोडा असेल. पण ड्यूकांनी दरबारला पाठवलेली पत्रेही घाबरलेलीच आहेत. मे महिन्यात मागणी पूर्ण मागे घेतली गेली. खडे सैन्य नसलेल्या राज्यात कर वसूल करायला लोकांची मूक संमती लागते, आणि ती नाही म्हटल्यावर ड्यूकही काही करू शकले नाहीत.

इथे राजाने काय केले? म्हणाला, मला याची काही कल्पनाच नव्हती. सगळे खापर कार्डिनलवर आणि क्षमा राजाच्या नावे. म्होरक्यांना स्टार चेंबरसमोर आणले आणि माफी दिली; जामीन राहायला कोणी मिळेना तेव्हा वुल्झी स्वतः पुढे झाला, मीही सफोकचाच म्हणून. 1517 च्या मे महिन्यात लंडनमध्ये परदेशी कारागिरांविरुद्ध दंगल झाली होती, तेव्हाही असाच प्रयोग झाला. गळ्यात फास अडकवलेले सुमारे 400 कैदी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभे, वुल्झीने आधी खडसावले, मग गुडघे टेकून त्यांच्यासाठी दया मागितली आणि राजाने ती दिली. हे योगायोगाने होत नव्हते. राजाने नामानिराळे राहायचे आणि मंत्र्याने वाईटपणा घ्यायचा, अशीच दोघांची वाटणी होती.

म्हणून 'कारभार कोणाचा' या प्रश्नाला माझे उत्तर असे: तपशील वुल्झीचा, लगाम हेन्रीचा. व्हेनिसचा राजदूत जुस्तिनियान लिहितो की कार्डिनल राजा आणि राज्य दोन्ही चालवतो. बाहेरून तसेच दिसायचे. पण हेन्रीचे स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पत्र आहे. लिहायचा कंटाळा येतो अशी कबुली देणाऱ्या या माणसाने तेवढे मात्र लेखनिकाला सांगितले नाही: बकिंगहॅम, सफोक, नॉर्थंबरलंड, डर्बी, विल्टशर या बड्या सरदारांवर नजर ठेव. 1519 मध्ये सर विल्यम बल्मर राजाच्या चाकरीत असून बकिंगहॅमची वर्दी घालून आला, तेव्हा हेन्रीने भर स्टार चेंबरमध्ये त्याला फैलावर घेतले. माझा नोकर दुसऱ्याच्या बाहीला लटकलेला मला चालणार नाही, असा त्याचा रोख होता. मे 1521 मध्ये बकिंगहॅमचा शिरच्छेद झाला. खाटकाच्या पोराने ड्यूकचा काटा काढला, असे लोक म्हणाले. पण साक्षीदारांची चौकशी हेन्रीने जातीने केली होती.

राजाच्या खासगी दालनातले सोबती ही वुल्झीची कायमची धास्ती. तो वेस्टमिन्स्टरला, राजा ग्रीनविचला किंवा शिकारीच्या दौऱ्यावर; रोज राजाच्या कानाशी तेच. जानेवारी 1526 च्या एल्टम नियमावलीत, म्हणजे राजाच्या घरच्या व्यवस्थेच्या नियमांत, काटकसरीच्या नावाखाली या खासगीतल्या माणसांची संख्या बारावरून सहावर आणली गेली. त्याच कागदात वीस जणांच्या परिषदेची योजना होती. पण बहुतेकांना इतर कामे, म्हणून कलमे सैल होत होत शेवटी एवढेच उरले की दोन सदस्यांनी तरी सकाळी दहाला आणि दुपारी दोनला राजाजवळ हजर असावे. वुल्झीला राजाभोवती भक्कम परिषद नकोच होती, असा माझा स्पष्ट संशय आहे.

ऑक्टोबर 1529 मध्ये तो पडला. आरोप पोपचा प्रतिनिधी म्हणून अधिकार वापरल्याचा, जो अधिकार मिळवायला राजानेच मदत केली होती. डिसेंबरात सरदारांनी 44 कलमांचे आरोपपत्र तयार केले. त्यात न्यायालयांच्या कामात ढवळाढवळ केल्याची तक्रार आहे आणि उपदंश असताना राजाच्या कानाशी बोलून त्याच्यावर श्वास सोडल्याचीही. 29 नोव्हेंबर 1530 ला, लंडनला नेले जात असताना, लेस्टरच्या मठात तो वारला.

उरले काय? तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त. त्याच्या जागी आलेल्या मोर यांनी चॅन्सरीचे दरवाजे उघडेच ठेवले. ऐपत मोजून बसवलेली सबसिडी हेन्रीच्या ट्यूडर घराण्यातल्या पुढच्या सगळ्या राजवटींनी वापरली. वुल्झीने काढलेल्या कॉलेजसाठी सुमारे तीस छोटे मठ मोडीत काढताना कागद रंगवणारा त्याचा वकील थॉमस क्रॉमवेल, त्याने ते तंत्र दहाच वर्षांत देशभरच्या मठांवर चालवले. मात्र कर आणि कायदे रेटताना तो संसदेला सोबत घेऊन गेला, 1525 ची चूक त्याने डोळ्यांनी पाहिली होती. आणि बड्यांना वचक बसवणारे म्हणून गाजलेले स्टार चेंबर, ते पुढच्या शतकात राजा पहिल्या चार्ल्सच्या हाती विरोधकांना चिरडायचे साधन बनले आणि 1641 मध्ये संसदेने ते बंद केले.